डायनोसॉर राहू द्या, टोळांचं बोला

'ज्युरासिक वर्ल्ड डॉमिनियन' हा २०२२ चा सिनेमा, मालिकेतला सहावा. त्याला लोकांनी सगळ्यात जास्त नावं ठेवली ती टोळांवरून. पैसे मोजले डायनोसॉरचे आणि दाखवले काय, तर नाकतोडे! मी या मालिकेचा १९९४ पासूनचा भक्त, 'ज्युरासिक पार्क' हिंदीत आला तेव्हापासूनचा. आणि मला विचाराल तर या सिनेमात धरून ठेवण्यासारखं काही असेल तर ते टोळच!

गोष्ट थोडक्यात अशी. बायोसिन नावाची कंपनी प्रयोगशाळेत भलेमोठे टोळ तयार करते. ते शेतंच्या शेतं फस्त करतात, पण बायोसिनचं बियाणं पेरलेल्या पिकाला तोंड लावत नाहीत. म्हणजे आमचं बी घ्या, नाहीतर बसा बोंबलत.

मोठ्या शहरातल्या प्रेक्षकाला हे ओढूनताणून वाटलं असेल. पण नांदेड-लातूरकडच्या माणसाला बियाण्याची भीती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा 'नांदेड-४४' हा वाण एके काळी आमच्या कोरडवाहू रानांत सगळीकडे दिसायचा. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत तो मागे पडला. इथे कोणी टोळ सोडले नव्हते. बोंडअळी होतीच, आणि बीटीने सुरुवातीला तिच्यापासून वाचवलंही. उगाच नाही लोक तिकडे वळले. पण पुढे गुलाबी बोंडअळी दोन-दोन जनुकांना पुरून उरली आणि २०१७ ला बोंडं पोखरून गेली. जीवसृष्टी कुंपणात राहत नाही, हा पहिल्या सिनेमातल्या माल्कमचा मुद्दा. आमच्याकडे तो शेतातच सिद्ध झाला म्हणा ना!

सोयाबीनचं तर विचारूच नका. २०२० च्या जूनमध्ये मराठवाड्यात बियाणं उगवलंच नाही अशा तक्रारींचा पाऊस पडला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. लातूरकडच्या आमच्या मामांनीही तेव्हा दुबार पेरणी केली. पिशवी विकत आणलेली, पावती जपून ठेवलेली, आणि रान मात्र काळंच्या काळं. त्या वेळी मामांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मला कुठल्याच टी-रेक्सने दिलेलं नाही.

म्हणून माझी तक्रार टोळ दाखवल्याची नाहीच. ते पुरेसे दाखवले नाहीत, ही आहे. टेक्सासमधलं एक शेत पाच-दहा मिनिटं दिसतं, शेजारचं बायोसिनचं पीक जसंच्या तसं उभं असतं... आणि तिथून सिनेमा जो पळतो तो माल्टाच्या गल्ल्या नि इटलीचे डोंगर. ज्याचं पीक गेलं त्याचं पुढे काय झालं, त्याने कर्ज कसं फेडलं, कोणी विचारतच नाही. शेवटी ज्या वू साहेबांनी टोळ बनवले, तेच एक सुधारित टोळ सोडतात आणि सगळं आलबेल! प्रयोगशाळेच्या चुकीवर उपाय पुन्हा प्रयोगशाळेतच, आणि तोही एका फटक्यात लागू. १९९३ च्या सिनेमाने असली फुकटची सुटका कोणाला दिली नव्हती.

२०२५ च्या सातव्या भागात तर मंडळी पुन्हा बेटावर गेली. टोळ विसरले, शेत विसरले.

असो. बेटावरून होडीत बसून निघून जाता येतं. रानातून कुठे जाणार?