‘त्याच्याच भल्यासाठी’

मराठी मध्यमवर्गाच्या तोंडी काही वाक्ये अशी असतात की ती उच्चारली गेल्यावर पुढचा प्रश्न विचारणे असभ्यपणाचे ठरते. ‘त्याच्याच भल्यासाठी’ हे त्यांपैकी एक. दारू पिणाऱ्या मुलाला रात्री चौघांनी घरातून उचलले, मावळातल्या कुठल्याशा भाड्याच्या बंगल्यात नेऊन ठेवले, महिनाभर कोणाला भेटू दिले नाही, डोके भादरले, संडास धुवायला लावले, पट्ट्याने मारले. यातल्या प्रत्येक क्रियापदामागे हे वाक्य जोडून पाहावे; क्रियापदाची धार जाते. आमचा वाद या वाक्याशी आहे, आणि तो साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडायचे कारण असे की हे वाक्य पोलिसांनी किंवा डॉक्टरांनी घडवलेले नाही. ते आपल्या वाङ्मयाने घडवले आहे.

कोणत्याही एका केंद्राकडे आम्ही बोट दाखवत नाही. तळेगावापासून लोणावळ्यापर्यंतच्या पट्ट्यात निष्ठेने काम करणारी माणसेही आहेत. पण मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांना सोयीचा, हंगाम सरला की बंगले रिकामे पडणारा, पावसात चार महिने आवाज गिळणारा हा प्रदेश डोळ्यांआड काही करू पाहणाऱ्यालाही तितकाच सोयीचा आहे. लोणावळ्याला हवापालटाची जुनी कीर्ती आहे. कैवल्यधाम तिथे १९२४पासून उभे आहे. मुलाला ‘तिकडे हवेशीर ठिकाणी ठेवलंय’ असे सांगितले की शेजारी अधिक चौकशी करत नाहीत.

आता ‘एकच प्याला’ आठवावा. गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात सुधाकराच्या हातून मूल मरते, सिंधू मरणपंथाला लागते, आणि फौजदार जबाब घ्यायला येतो तेव्हा ती नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटे सांगते. त्या खोट्यावर शंभर वर्षे प्रेक्षकांनी डोळे पुसले. घरातले घरात राहावे, फौजदाराला काही कळू नये, हाच पतिव्रतेचा आणि कुलशीलाचा परमोत्कर्ष ठरला. मुलाच्या पाठीवरचे वळ पाहूनही ‘बाथरूममध्ये पडला असेल’ म्हणणारी आजची आई सिंधूचीच वारसदार आहे. फरक एवढाच की सिंधू मारणाऱ्या व्यसनीला झाकत होती, ही व्यसनीला मारणाऱ्यांना झाकते.

दुसरा वारसा याहून घातक आहे. व्यसनमुक्तीविषयी आपल्याकडे जे लिहिले, बोलले जाते, ते बहुधा बऱ्या झालेल्याचे कृतज्ञ निवेदन असते. पडलो, सावरलो, आभारी आहे. या साच्यात केंद्रातून पळून आलेल्याला, पुन्हा प्यायला लागलेल्याला जागा नाही. त्याने काही सांगितलेच तर ‘दारुड्याच्या बोलण्यावर काय विश्वास ठेवायचा’ हे उत्तर तयार असते. आपण वर्गात अविश्वसनीय निवेदक शिकवतो तो कथात्म साहित्याच्या वाचनासाठी. जिवंत माणसाची साक्ष खोडून काढण्यासाठी ती संज्ञा नव्हे. कायदा या बाबतीत आपल्या समीक्षेपेक्षा सुज्ञ निघाला. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३चे कलम १२४ सांगते की विचारलेला प्रश्न ज्याला समजतो आणि त्याचे सुसंगत उत्तर जो देऊ शकतो, तो साक्ष देण्यास पात्र आहे. तो पितो की नाही, हा प्रश्न तिथे येतच नाही.

कायद्याचे वाचन आम्हाला इथे मुद्दाम करावेसे वाटते, कारण वस्तूंना त्यांची खरी नावे तिथे मिळतात. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मे २०१८पासून अमलात आला. त्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था येतात. ‘आमचे रुग्णालय नव्हे, पुनर्वसन केंद्र आहे’ ही पळवाटही तिथेच बुजते. कारण उपचार, शुश्रूषा किंवा पुनर्वसन यांसाठी जिथे अशा माणसांना ठेवले जाते ती प्रत्येक जागा या कायद्याखालची आस्थापना आहे आणि तिला नोंदणी सक्तीची आहे. आप्तांसोबत राहण्याचे घर तेवढे वगळले आहे. बंगला भाड्याचा असल्याने त्याचे घर होत नाही.

याच कायद्याचे कलम २० वाचून आम्ही थबकलो. सक्तीने मुंडण करू नये, स्वतःचे कपडे घालू द्यावेत, काम लादू नये, केलेल्या कामाचा मोबदला द्यावा, मारहाण, शिवीगाळ, लैंगिक अत्याचार यांपासून संरक्षण मिळावे. ही यादी कोणा कल्पक लेखकाला सुचलेली नाही. देशभर जे घडत आले ते पाहूनच ती लिहावी लागली. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी येथे आग लागली तेव्हा साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. कलम ९५ कोणत्याही स्वरूपात साखळीने बांधण्यास मनाई करते. कलम ९७ एकांतकोठडीला. अपमान हाच उपचार, ही कल्पना तर साता समुद्रापारही खपली आहे. कॅलिफोर्नियात १९५८ साली सुरू झालेल्या सिनॅनॉन या संस्थेत सामूहिक निर्भर्त्सनेला उपचार म्हटले जाई आणि डोकीही भादरली जात. तिचा शेवट व्यसनमुक्तीत नव्हे, पंथात झाला.

वडिलांनी सही केली, पैसे भरले, म्हणून मुलगा डांबता येतो हा समज सार्वत्रिक आहे. तो खोटा आहे. स्वेच्छेने दाखल झालेला प्रौढ माणूस जायला निघाला तर तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवता येते. इच्छेविरुद्ध दाखल करायचे तर नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज, दोन तज्ज्ञांनी केलेली स्वतंत्र तपासणी (त्यांपैकी एक मनोविकारतज्ज्ञ), आणि ३० दिवसांची मर्यादा. पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत, स्त्री किंवा अल्पवयीन असल्यास तीन दिवसांत, कळवावे लागते. या अटी पाळल्या नसतील तर ‘सहा महिन्यांचा कोर्स’ हे बेकायदा बंदिवासाचे व्यापारी नाव होय. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७मध्ये हा बंदिवास दहा दिवसांवर गेला की शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते.

यावर थकलेल्या आईबापांचा प्रश्न असतो: मग आम्ही करायचे काय? तो खोटा नाही. घरातली भांडी विकली गेलेली असतात, सुनेच्या अंगावर खुणा असतात. पण मारहाणीला पर्याय नाही हे म्हणणे पुण्यात तरी कोणी म्हणू नये. १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने, याच शहरात मुक्तांगण सुरू केले, ते संवादाच्या आणि मायेच्या बळावर. शिवाय कोंडून ठेवणे हे नुसते क्रूर नाही, जिवावर बेतणारे आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तोडली की दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, माणूस दगावू शकतो. त्याला औषध, ब-१ जीवनसत्त्व आणि जागता डॉक्टर लागतो. दांडके घेतलेला जुना रुग्ण नव्हे.

म्हणून खुणा ओळखाव्यात. नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवत नाहीत, डॉक्टरचे नाव सांगत नाहीत, फोनवर मुलगा तोललेले बोलतो आणि मागे कोणीतरी उभे असते, कोऱ्या कागदावर सह्या घेतात, पहिला महिना भेट नाही. भेट आणि फोन हा कलम २६खालचा हक्क आहे, संचालकाची मेहेरबानी नव्हे. माणूस आत असेल तर उपविभागीय दंडाधिकारी किंवा वडगाव मावळच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १००खाली शोधवॉरंट मागता येते. उच्च न्यायालयात देहोपस्थितीची याचिका आहेच. बाहेर आला असेल तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात तपासणी करून जखमांची नोंद घ्यावी. तळेगाव दाभाडे पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात, कामशेत आणि लोणावळा पुणे ग्रामीणमध्ये. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर मिळण्याची इथे मोठी सोय आहे. कलम १७३नुसार हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवावीच लागते. मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क कलम २७ने दिला आहे, आणि तो आहे हे रुग्णाला सांगण्याचे कर्तव्य पोलिसांवरही टाकले आहे.

जबाब मात्र त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावा, ‘शिस्त लावली’ असे नव्हे तर ‘पट्ट्याने मारले’ असे. मराठीचा पदवीधर एवढ्या कामाला निश्चित उपयोगी पडेल.