आरोग्यविचार : गोळी की तपासणी?

डोके दुखले की घेतली जाणारी ॲस्पिरिनची गोळी स्तनाच्या कर्करोगावरही उपयोगी पडेल काय? हा प्रश्न भाबडा नव्हे. शरीरातील पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये निर्माण करतात; सूज व वेदना यांत त्यांचा मोठा वाटा असतो. ॲस्पिरिन ही निर्मिती रोखते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखविले आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी झाले. स्तनाच्या अनेक कर्कगाठींत ‘ई-२’ हे प्रोस्टाग्लँडिन वाढलेले आढळते. ते तेथील इस्ट्रोजेनची निर्मिती वाढविते, आणि इस्ट्रोजेनवर पोसणारी गाठ फोफावते.

म्हणूनच आशा होती. परंतु उत्तर अमेरिकेतील ३,०२० रुग्णांच्या, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांतही रोग उलटण्याचे प्रमाण घटले नाही. पोटातील रक्तस्रावाचा धोका मात्र असतोच. तेव्हा आपल्या मनाने गोळी सुरू करू नये.

याउलट, मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे मागोवा घेतला. त्यांतील निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, केवळ हाताने तपासणी केली. या गटातील पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले.

मिसरोदच्या भगिनींना साकेतनगरचे एम्स दूर नाही. गाठ बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून थांबू नये.