विश्लेषण : पॅनोरामातला धामापूर तलाव किती खरा?

मालवण तालुक्यातील धामापूर तलाव १५३० मधला. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. विस्तीर्ण तलाव एका चौकटीत मावत नाही, म्हणून मोबाइल फिरवून पॅनोरामा काढला जातो.

त्यात अनेक छायाचित्रे समान खुणा जुळवून जोडली जातात. झाडे जुळतात; हलत्या लाटा जुळत नाहीत, तिथे सांधा दिसतो. सरळ काठ धनुष्यासारखा वाकतो. तो सरळ केला तर कडेची झाडे ताणली जातात. वेड्यावाकड्या कडा कापल्या तर काठाचा भाग जातो. एआयने भरल्या तर नसलेले पाणी दिसते.

पर्यटनाच्या पोस्टला हे चालते. पाणी किती हटले, काठावर भराव पडला का, याचा पुरावा म्हणून चालत नाही. त्यासाठी ठरावीक जागेवरून, तारखेसह, न जोडलेली सुटी छायाचित्रे काढून जपावीत.