टँकर उलटला, तर घागर घेऊन धावू नका



पुणे-बेंगळूरु हमरस्ता आपल्या मुलखाच्या मधून जातो. कोगनोळीची हद्द ओलांडली की निपाणी, मग तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगी, काकती आणि बेळगाव. याच रस्त्याने आपला भाजीपाला बाजाराला जातो आणि याच रस्त्याने ॲसिडचे टँकरही जातात. घाटात वाहन उलटल्याची बातमी आपल्याला नवी नाही. टँकर उलटला की आजूबाजूचे लोक घागरी, डबे घेऊन धावतात, हेही नवे नाही. 25 जून 2017 रोजी पाकिस्तानात बहावलपूरजवळ पेट्रोलचा टँकर उलटला. लोक पेट्रोल भरून घेण्यास जमले, भडका उडाला आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. ॲसिड पेट्रोलसारखे पेटत नाही हे खरे. पण ते डोळे, कातडी आणि फुफ्फुसे जाळते.

या बाबतीत आमचे मत स्पष्ट आहे. लोभाने धावणारा चुकतोच. पण मदतीसाठी पाण्याची बादली घेऊन धावणाराही चुकतो. तीव्र सल्फ्युरिक ॲसिड, म्हणजे गंधकाम्ल, पाण्याच्या जवळजवळ पावणेदोन पट जड असते. त्यावर बादलीभर पाणी ओतले तर पाणी वरच राहते, क्षणात उकळते आणि ॲसिडसकट ओतणाऱ्याच्या तोंडावर उडते. म्हणून बॅटरीवाला नेहमी पाण्यात ॲसिड घालतो, ॲसिडात पाणी कधीच घालत नाही.

मग अग्निशामक दल काय करते? बंब थेट टँकरला भिडत नाही. तो वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणि चढावर थांबतो, कारण वाफा वाऱ्याबरोबर जातात आणि द्रव उताराला धावतो. जवान प्रथम दुरून टँकरवरील पाटी वाचतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे अशा टँकरवर तीन ठिकाणी धोक्याची पाटी लावणे बंधनकारक आहे. त्या पाटीवर चार आकडी क्रमांक असतो : 1830 म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड, 1789 म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, 2031 म्हणजे सोनाराचे तेजाब, नायट्रिक ॲसिड. शेजारी एक आकडा व अक्षर असते. आकडा 1 ते 4 पैकी असतो. 4 असेल तर पाणी वापरायचेच नाही. अक्षरानंतर इंग्रजी ‘ई’ असेल तर आसपासची वस्ती हलवण्याचा विचार करायचा. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी चित्र आहे : हातावर आणि धातूच्या तुकड्यावर द्रव ठिबकतो आहे.

त्यानंतर जागेचे तीन भाग पाडतात. सांडलेल्या जागेच्या भागात फक्त ॲसिडरोधक पोशाख आणि हवेचे सिलिंडर लावलेले जवान, तेही जोडीने, जातात. मधल्या भागात बाहेर येणाऱ्याला पोशाखासकट धुऊन काढतात. इतर सर्व लोक तिसऱ्या भागात, लांब. वाळूचे, मातीचे बांध घालून ॲसिड गटारात, ओढ्यात जाण्यापासून अडवतात. वाफा दाबण्यासाठी बारीक तुषार मारतात, पण पाण्याची धार डबक्यावर सोडत नाहीत. गळती बुजवतात आणि उरलेले ॲसिड दुसऱ्या टँकरमध्ये घेतात. निपाणीच्या मुलखात आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे : ॲसिड लोखंडाला लागले की हायड्रोजन वायू निघतो आणि तो ठिणगीने स्फोट पावतो. म्हणून जवळपास बिडी पेटवू नये.

काही जण म्हणतात, चुना टाकला की काम झाले. हिशेब करून पाहा. एक किलो तीव्र गंधकाम्ल मारण्यास सुमारे पाऊण किलो विझवलेला चुना लागतो. टँकरमध्ये 20 टन ॲसिड असेल तर 15 टन चुना हवा! गावात तो कोठून येणार? शिवाय चुना पडताच उष्णता निर्माण होते. पंपघरात सांडलेल्या पेलाभर ॲसिडावर चुना किंवा धुण्याचा सोडा हळूहळू टाकणे योग्य. टँकरचे काम जाणकारांवरच सोडावे. नायट्रिक ॲसिडावर लाकडाचा भुसा तर मुळीच टाकू नये, तो पेट घेतो.

प्रशिक्षण व साधनसामग्री असूनही जवानांना इजा होते. 14 जुलै 2010 रोजी मुंबईत शिवडीच्या हाजी बंदर भागात जुन्या सिलिंडरातून क्लोरीन गळला. सुमारे शंभर जणांना त्याची बाधा झाली आणि त्यात मदतीला गेलेले अग्निशामक जवानही होते. मग लुंगी नेसून, अनवाणी धावणाऱ्या आपल्या माणसाचे काय होईल?

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. जखमीला टाळून जा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण ॲसिडच्या डबक्यात उतरणारा शोमरोनी दुसरा जखमी होतो, आणि पहिल्याला वाचवणारा कोणी उरत नाही. निदान 50 मीटर दूर राहा, वाफा दिसत असतील तर त्याहून बरेच लांब. 112 किंवा 101 वर फोन करून पाटीवरचा चार आकडी क्रमांक, वाऱ्याची दिशा आणि जवळ ओढा आहे की नाही ते सांगा. वाहने व जनावरे थांबवा. हीच खरी मदत होय. मदत करणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागू नये म्हणून 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात संरक्षणही दिले आहे.

कोणाच्या अंगावर ॲसिड उडाले व तो धोक्याच्या जागेबाहेर आला, तर कपडे ताबडतोब काढावेत आणि भरपूर वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान 20 मिनिटे धुवावे. येथे पाणी कमी पडता कामा नये. थोडे शिंपडणे वेगळे आणि धो धो धुणे वेगळे. डोळा असेल तर पापणी उघडी धरून धुवावा. हळद, टूथपेस्ट, चुना, सोडा काहीही लावू नये. पोटात गेले असेल तर ओकारी काढू नये. नंतर लगेच दवाखाना.

आता सरकारकडे आमचे मागणे. वेदगंगेच्या यमगर्णी पुलाजवळ टँकर फुटला तर ॲसिड नदीत जाईल आणि खालच्या गावांचे पाणी व शेती धोक्यात येईल. नदीला कर्नाटक-महाराष्ट्राची हद्द ठाऊक नाही. म्हणून हमरस्त्यावरील प्रत्येक अग्निशामक केंद्राकडे ॲसिडरोधक पोशाख, हवेचे सिलिंडर व गळती बुजवण्याचे साहित्य असावे, आणि दोन्ही राज्यांच्या केंद्रांनी वर्षातून एकदा एकत्र सराव करावा. सीमावाद कोर्टात चालो; बंबाने हद्दीवर थांबू नये. ग्रामपंचायतींनी खालच्या गावांना खबर देण्याची व्यवस्था आधीच ठरवावी.

भरपाईची बाबही लक्षात ठेवा. 4 डिसेंबर 1985 रोजी दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळला. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1986 मध्ये ठरवले की धोक्याचा धंदा करणाऱ्याने नुकसान भरून दिलेच पाहिजे, सबब चालणार नाही. पुढे 1991 चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा झाला. त्यात वाहतुकीतील अपघातही येतात. पीक, जनावर किंवा जमीन खराब झाली तर पंचनामा करून घ्या आणि पाच वर्षांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. त्या शेतातील चारा जनावरांना घालू नका. मातीची तपासणी करूनच पुढचे पीक घ्या.

शेवटी आपल्या घराकडे पाहू. ठिबकच्या नळ्या धुण्यासाठी आणलेले ॲसिड आपल्यापैकी काही जण सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून पंपघराच्या फळीवर ठेवतात. पोराने ते सरबत समजून तोंडाला लावले तर? हमरस्त्यावरचा टँकर आपल्या हाती नाही, ही बाटली मात्र आहे. आज संध्याकाळी मळ्यातून परतताना तेवढे एक काम करा : ॲसिड मूळच्या डब्यातच ठेवा, त्याला कुलूप लावा, आणि बंबाचा नंबर पंपघराच्या दारावर खडूने लिहून ठेवा.