निळ्या पडद्यामागचा चोर

दोस्तांनो, आजचं प्रकरण साताऱ्याच्या एका आठवीतल्या मैत्रिणीनं पाठवलंय. प्रकरण कसलं, घरातलं भांडणच म्हणा ना! तिच्याकडे लॅपटॉप एकच. आईचं ऑफिसचं काम, दादाचा बारावीचा अभ्यास (आणि गेम), हिची शाळेची प्रोजेक्टं, सगळा भार त्या एकट्यावर. जूनपासून हा लॅपटॉप दिवसातून एकदा-दोनदा अचानक बंद पडू लागला. पडदा निळा होतो, त्यावर एक रडवेला चेहरा येतो, खाली इंग्रजीत काहीबाही दिसतं आणि यंत्र आपलं आपण पुन्हा सुरू होतं. मधल्या मध्ये जतन न केलेलं काम गायब!

ती लिहिते, "सगळे दादालाच बोलतात. बाबा म्हणतात, गेम खेळून खेळून त्यानंच बिघडवला. त्याला लॅपटॉपला हात लावायची बंदी झालीय. दुरुस्तीवाले काका म्हणाले, मदरबोर्ड गेलाय, चौदा हजार लागतील. पण एक गंमत सांगू? गणपतीत आम्ही लॅपटॉप घेऊन आजोळी गेलो होतो. तिथे चार दिवसांत तो एकदाही बंद पडला नाही! आजी म्हणते, तुमच्या घरी त्याला दृष्ट लागलीय. असं असतं का हो?"

दृष्टीचं सोडून द्या, पण आजीनं 'तुमच्या घरी' हे शब्द अगदी बरोबर पकडले. मदरबोर्ड गेला असेल तर तो आजोळी जाऊन बरा कसा होईल? मी तिला लगेच उलट टपाली पत्र टाकलं, की चौदा हजार थोडे थांबवा आणि दहा रुपयांची एक वही आणा.

वहीत काय लिहायचं ते पुढे सांगतोच. आधी हा निळा पडदा काय असतो ते पाहू. (तुमच्याकडे तो काळा असला तर चक्रावू नका. विंडोज ११ मध्ये २०२५ सालापासून तो काळा झालाय, रडवेला चेहराही गेलाय. काम तेच.)

जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. बाहेर ओसरी, आत माजघर. येणारे-जाणारे पाहुणे ओसरीवर बसतात. आत माजघरात मात्र घरच्याच माणसांना प्रवेश. संगणकातही अशा दोन जागा असतात. गेम, चित्रं काढायचा प्रोग्रॅम, इंटरनेट बघायचा ब्राउझर हे सगळे ओसरीवरचे पाहुणे. त्यातल्या एखाद्याला भोवळ आली तर विंडोज त्याला उचलून बाहेर ठेवतं आणि घर चालू राहतं. पण माजघरात, जिथे चूल पेटलेली असते तिथेच कुणी धडपडलं तर? मग सगळं घर थांबवावं लागतं. माजघराला संगणकवाले कर्नल म्हणतात. तिथे गडबड झाली की विंडोज विचार करतं, आता पुढे चालत राहिलो तर भलतंच काहीतरी डिस्कवर लिहून बसू, त्यापेक्षा इथेच थांबलेलं बरं. तो निळा पडदा म्हणजे हे थांबणं.

आता पाहा, साधा गेम ओसरीवरचा. तो स्वतः बंद पडेल, पण एकट्याच्या जिवावर सगळं घर पाडणं त्याला सहसा जमत नाही. बाबांचा संशय इथेच थोडा लटका पडतो! माजघरात वावर असतो तो ड्रायव्हरचा. ड्रायव्हर म्हणजे एस.टी. चालवणारा नव्हे हं! हा एक छोटा प्रोग्रॅम असतो, दुभाष्यासारखा. वायफायचं कार्ड एका कंपनीचं, विंडोज दुसऱ्या कंपनीचं. दोघांच्या भाषा निराळ्या. मधल्या मध्ये बोलणी करून देतो तो ड्रायव्हर. प्रिंटरचा निराळा, कॅमेऱ्याचा निराळा, वायफायचा निराळा. यातले बरेचसे थेट माजघरात उभे राहून काम करतात.

त्यातही वायफायच्या ड्रायव्हरची नोकरी फार धावपळीची. मोठी फाईल उतरवताना हवेतून माहितीची पाकिटं सेकंदाला शेकड्यांनी, हजारांनी येतात. कार्ड प्रोसेसरला घंटा वाजवून हाक मारतं, 'पाकिटं आली, घ्या!' प्रोसेसर हातातलं काम टाकून तिकडे वळतो. अशा घाईच्या वेळी एक कडक नियम असतो. लागणारी प्रत्येक वस्तू खाली, हाताशीच हवी. माळ्यावर चढायचं नाही.

हा माळा कुठला? संगणकाची मेमरी भरत आली की विंडोज काही सामान तात्पुरतं डिस्कवर नेऊन ठेवतं, आपण जादा गाद्या माळ्यावर टाकतो तसंच. एरवी लागलं की ते खाली आणता येतं. पण घंटा वाजलेली असताना शिडी लावायला कुणी मोकळं नसतं. चांगला ड्रायव्हर लिहिणारा आपलं सामान आधीच फडताळात ठेवतो. चुकीचा लिहिलेला ड्रायव्हर ऐन घाईत माळ्यावर हात घालतो, किंवा जिथे काहीच नाही अशा जागी चाचपडतो. झालं! विंडोज थांबतं आणि पडद्यावर लिहितं, 'ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'. एवढं लांबलचक नाव, पण अर्थ साधारण हाच.

आणि बंद पडणं रोज निरनिराळ्या वेळी का, तेही यातून कळतं. कधी ती वस्तू योगायोगानं खालीच असते, तेव्हा चूक होऊनही काही बिघडत नाही. कधी नेमकी माळ्यावर गेलेली असते. म्हणून असा बिघाड दुकानात नेला की हमखास लपून बसतो. डॉक्टरांकडे गेल्यावर ताप उतरतो ना, तसा.

अशी फजिती थोरामोठ्यांचीही झालीय. २० एप्रिल १९९८ ला शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स विंडोज ९८ दाखवत होते. त्यांच्या सहकाऱ्यानं एक स्कॅनर जोडला आणि भल्या मोठ्या पडद्यावर निळं! सभागृह हसून हसून लोटपोट. म्हणूनच हे अजून विकायला काढलं नाही, असं म्हणून गेट्सनीही हसण्यावारी नेलं. १९ जुलै २०२४ चा प्रकार मात्र हसण्यासारखा नव्हता. क्राउडस्ट्राइक या कंपनीचा पहारेकरी प्रोग्रॅम हजारो कार्यालयांतल्या संगणकांत, माजघरात बसवलेला होता. त्याला कंपनीकडून एक सदोष फाईल गेली. ती वाचताना त्यानं मेमरीत नको तिथे हात घातला आणि जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. आपल्याकडे काही विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यात वायफायचा काही संबंध नव्हता, पण माजघरात धडपडलं की काय होतं ते साऱ्या जगानं पाहिलं.

चला, आता वही. मी तिला सांगितलं होतं, दर वेळी बंद पडलं की तारीख, वेळ, कोण बसलं होतं, काय चालू होतं, चार्जर लावलेला होता का, यंत्र गरम होतं की गार आणि वायफाय चालू होतं का, एवढं लिही. शिवाय फोननं पडद्याचा फोटो काढ, कारण ती अक्षरं काही सेकंदांतच जातात.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. वही इतकी सुरेख ठेवलीय की काय सांगू! नऊ दिवसांत चौदा वेळा बंद. त्यात सहा वेळा आई बसली होती, पाच वेळा ही, तीन वेळा खुद्द बाबा! बंदी असल्यामुळे दादा एकदाही नाही. म्हणजे खरा चोर सापडायच्या आधीच दादा निर्दोष सुटला. एकदा सकाळी सव्वासहाला, यंत्र गारढोण असताना बंद पडला, म्हणजे तापण्याचा दोष नाही. चार्जर लावलेला सात वेळा, नसलेला सात वेळा. आणि वायफाय चालू? चौदाच्या चौदा वेळा!

सापडला चोर, असं म्हणाल तुम्ही. थांबा. घरी वायफाय कायमच चालू असतं. मग चौदा वेळा ते चालू असणारच. समोरची भिंतसुद्धा चौदा वेळा हजर होतीच की! तिला कुठे आपण चोर म्हणतो? आजोळचंही तसंच. तिथे वायफाय नव्हतं हे खरं, पण वीज निराळी होती, हवा निराळी होती आणि लॅपटॉपही कमी वापरला गेला असेल. एका वेळी चार गोष्टी बदलल्या तर कुणामुळे काय झालं ते सांगायचं कसं? म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आईला शेजारी बसवून तिनं पुढच्या परीक्षा घेतल्या. त्याआधी महत्त्वाच्या सगळ्या फायली पेनड्राइव्हवर काढून ठेवल्या, हे विसरू नका. मग स्टार्टच्या बटणावर उजवी टिचकी, डिव्हाइस मॅनेजर, त्यात नेटवर्क ॲडॅप्टर्स, त्यात वायफायचं नाव, आणि 'डिसेबल'. वायफायचा ड्रायव्हर झोपला. बाकी सगळं रोजच्यासारखं वापरलं. पाच दिवस एकदाही बंद नाही. सहाव्या दिवशी पुन्हा चालू केलं आणि मुद्दाम एक मोठी फाईल उतरवायला लावली. चाळीस मिनिटांत पडदा निळा!

तरी मनात एक शंका राहतेच. दोष वायफायचा, की इंटरनेटवरून येणाऱ्या कशाचा? त्यावर तिच्या दादानंच तोड काढली (बंदी उठली होती ना!). वायफाय बंद ठेवून फोन तारेनं लॅपटॉपला जोडला आणि फोनचं इंटरनेट वापरलं. फाईल तीच, साईट तीच. सगळं सुरळीत! म्हणजे इंटरनेट निर्दोष. आईनं पडद्याचे फोटो काढून पाहिले, तर 'व्हॉट फेल्ड' या शब्दांपुढे दर वेळी एकच नाव होतं, शेवटी 'डॉट एसवायएस' असलेलं. शोधल्यावर कळलं की ते वायफायच्या ड्रायव्हरचंच. मी नावावरून सुरुवात का केली नाही? कारण कधी कधी तिथे चोराऐवजी ज्याच्या घरी चोरी झाली त्याचंच नाव येतं. एका ड्रायव्हरनं मेमरीत घाण करायची आणि दुसरा त्यात घसरून पडायचा, असं होतं. नाव आणि परीक्षा दोन्ही जुळले, तर मात्र पक्कं समजायचं.

पण मग हा जूनपासूनच का? विंडोजच्या शोधाच्या चौकटीत 'रिलायबिलिटी' असं लिहिलं की एक तक्ता उघडतो. दवाखान्यात खाटेला अडकवलेला असतो ना, तसा. रोजची तारीख, कुठे लाल फुली, कुठे काय नवीन बसवलं त्याची नोंद. या तक्त्यात लाल फुल्या सुरू व्हायच्या आदल्याच दिवशी वायफायचा नवा ड्रायव्हर आपोआप बसल्याची नोंद होती!

उपाय मग दोन मिनिटांचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायच्या नावावर दोन टिचक्या, 'ड्रायव्हर' हे पान आणि 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण. जुना दुभाषा परत कामावर. हे बटण पुसट दिसलं तर जुना ड्रायव्हर यंत्रात शिल्लक नाही असं समजा. तेव्हा लॅपटॉपच्या पाठीवर छापलेला मॉडेल क्रमांक घेऊन, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच साईटवरून आधीचा किंवा दोष काढलेला अगदी नवा ड्रायव्हर दुसऱ्या यंत्रावर उतरवायचा आणि पेनड्राइव्हनं आणायचा. 'तुमचे सगळे ड्रायव्हर फुकट दुरुस्त करतो' असं सांगणाऱ्या भलत्या प्रोग्रॅमला दारातही उभं करू नका. माजघराची किल्ली अनोळखी माणसाला कोण देतं?

साताऱ्याच्या लॅपटॉपला हे करून एकोणीस दिवस झाले. लाल फुली एकही नाही. बाबांनी दुरुस्तीवाल्या काकांना फोन करून मदरबोर्ड नको असं कळवलं. दादाची माफी मागितली की नाही ते पत्रात नाही, पण वडापाव आणले एवढं आहे!

पालकांसाठी दोन शब्द. जुना ड्रायव्हर घातल्यावर विंडोज कधी कधी तो सदोष ड्रायव्हर पुन्हा आणून बसवतं. तसं झालं तर अपडेट एक-दोन आठवडे थांबवून ठेवा आणि कंपनीचा पुढचा ड्रायव्हर आला का ते पाहा. अपडेट कायमचे बंद मात्र करू नका, सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्यातूनच येतात. आणि ड्रायव्हर दोन-तीन तऱ्हांनी बदलूनही पडदा निळाच होत राहिला तर संशय कार्डावर घ्या. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते बोटाच्या दोन पेरांएवढं, एका स्क्रूनं बसवलेलं असतं आणि बदलता येतं. काहींमध्ये ते बोर्डालाच झाळलेलं असतं. तिथे यूएसबीच्या खाचेत बसणारं छोटं वायफाय लावलं तरी काम भागतं. फक्त मग आतलं कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून 'डिसेबल' करून ठेवा, नाहीतर जुना दुभाषा माजघरात तसाच फिरत राहील.