काळजीसकट

लेंतकाळ तोंडावर आला की आपल्या बहुतेक मंडळ्यांची कार्यक्रमपत्रिका छापून तयार असते. भस्म बुधवारची उपासना, दर शुक्रवारची उपवास-प्रार्थना, गल्लोगल्लीच्या कॉटेज मीटिंगा, महिला मंडळाची साखळी प्रार्थना, तरुण संघाचे शिबिर, पवित्र आठवड्यात रोज संध्याकाळी उपदेश आणि उत्तम शुक्रवारी सात उद्गारांवरची तीन तासांची उपासना. आणि या सगळ्यांत एक तक्रार हमखास ऐकू येते : लोकांना देवासाठी वेळ नाही. मोबाइलसाठी आहे, मालिकांसाठी आहे, लग्नकार्यांसाठी आहे, देवासाठी तेवढा नाही. आमच्याकडे छापण्यासाठी येणाऱ्या उपदेशांतही हा सूर आता वारंवार लागतो. हे मासिक पाळकांसाठी, सुवार्तिकांसाठी, संडेस्कूलच्या शिक्षकांसाठी आणि घरोघरी जाऊन वचन सांगणाऱ्या बायबल वुमनसाठी निघते. म्हणून ही तक्रार आपण आपसांतच एकदा नीट तपासून पाहावी, असे आम्हाला वाटते.

माणूस काळजी घेऊन उपासनेला येतो, यात त्याच्या विश्वासाचा कमीपणा नाही. ती काळजी देवापुढे ठेवायला आपल्या उपासनेत जागाच ठेवलेली नसते. तो कमीपणा आपल्या सेवेतला आहे आणि तो आपल्यालाच दूर करावा लागेल.

आपल्या बाकांवर कोण बसते? परिचारिकेचे काम आपल्या समाजातल्या मुलींनी मिशन हॉस्पिटलांच्या काळापासून पिढ्यान्‌पिढ्या केले. रात्रपाळी संपवून सकाळी वॉर्डातून निघालेली मुलगी घरी न जाता थेट नऊच्या उपासनेला येते आणि उपदेशाच्या वेळी पेंगते. पेंगणाऱ्यांवर वेदीवरून शेरा मारण्याआधी पाळकाला तिची ड्युटी ठाऊक असायला हवी. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणच्या पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तिथे कंत्राटावर लागलेल्या मुलाने रविवारी दांडी मारली तर त्या दिवसाचा पगार जातो, कधी कामही जाते. नगर-जालन्याकडच्या खेडेगावांतल्या मंडळ्यांत कांद्याचा भाव पडला की दानाच्या थैलीवर त्याचा परिणाम दिसतो. तो आपल्या लक्षात येतो. त्याच घरात सोसायटीच्या कर्जाची नोटीस येऊन पडलेली असते, ती मात्र आपल्यापर्यंत पोचत नाही.

आणखी एक काळजी आहे, जिच्याविषयी वेदीवरून जवळजवळ कधीच बोलले जात नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेले दलित आजही त्याबाहेर आहेत. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर धर्म काय लिहायचा, हा प्रश्न आपल्या कितीतरी घरांत दहावीच्या निकालाबरोबर उभा राहतो. बाप्तिस्मा झालेला आहे, प्रभुभोजन घेतले जाते आणि कागदावर मात्र वेगळे काही आहे, असे असंख्य आईबाप रविवारी आपल्यासमोर बसलेले असतात. ‘काळजी करू नका’ या वचनावरचा उपदेश ते खाली मान घालून ऐकतात. त्यांना दोषी ठरवणे सोपे आहे. त्यांच्याजवळ बसून हे ओझे काय आहे ते विचारणे हे पाळकीय काम आहे.

ते वचन मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात पंचविसाव्या ओवीपासून येते आणि आपण बहुतेक वेळा वाचनही तिथूनच सुरू करतो. पण त्याच अध्यायात, थोडे आधी, प्रभूने शिष्यांना प्रार्थना शिकवलेली आहे. त्या प्रार्थनेत रोजची भाकर मागायची आहे, ऋणाची क्षमा मागायची आहे, परीक्षेतून सोडवणूक मागायची आहे. म्हणजे पोट, देणे आणि भीती या तिन्ही गोष्टी देवापुढे उघड मांडायला शिकवल्यानंतरच प्रभू पाखरांकडे आणि रानातल्या फुलांकडे बोट दाखवतो. भाकरही आजच्या दिवसापुरती. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायातला मान्ना आठवावा : ज्याने दुसऱ्या दिवसासाठी साठवला, त्याच्या मान्न्यात किडे पडले, आणि शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र देवाने स्वतःहून दुप्पट दिला. रोज मागणे आणि रोज मिळणे या सवयीतून इस्राएल लोक अरण्यात निश्चिंत राहायला शिकले, तेही कुरकुर करत आणि अडखळत. मागायला शिकवल्यावाचून ‘काळजी करू नका’ एवढेच सांगितले, तर ऐकणाऱ्याच्या काळज्यांत आणखी एकीची भर पडते. आपला विश्वास कमी आहे की काय, ही.

मार्थेच्या गोष्टीचेही असेच झाले आहे. लूकच्या दहाव्या अध्यायातले ते प्रसिद्ध दृश्य महिला मंडळांत इतक्यांदा वापरले जाते की स्वयंपाकघरात राबणाऱ्या बायकांना मार्था म्हणजे आपल्याला दिलेला बोलच वाटतो. पण प्रभूने तिला नावाने दोनदा हाक मारली, ती जिव्हाळ्याची हाक आहे. आणि योहान तिची गोष्ट पुढे सांगतो. लाजर मेला तेव्हा मरीया घरात बसून राहिली आणि मार्था गावाबाहेर वाटेवर प्रभूला भेटायला गेली. भाऊ गेल्याचे दुःख, प्रभू वेळेवर आला नाही ही तक्रार, हे सगळे तिने त्याच्या तोंडावर सांगितले. आणि त्याच संभाषणात, भावाला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असताना, येशू हाच ख्रिस्त, देवाचा पुत्र आहे हा कबुलीजबाब तिने दिला. पेत्राच्या कबुलीजबाबाशेजारी ठेवावा अशा तोलाचा तो आहे. पुढच्या अध्यायात बेथानीला मेजवानी होते तेव्हा ती पुन्हा वाढपाचेच काम करते आहे आणि या वेळी तिला कोणी काही म्हणत नाही. लूकबरोबर योहानाचे अकरावे आणि बारावे हे अध्यायही या लेंतमध्ये महिला मंडळात वाचावेत. पौलाचेही तेच आहे. फिलिप्पैकरांना कशाचीही चिंता न करता सर्व काही प्रार्थनेत मांडायला सांगणारा पौल बेड्यांत होता, आणि हाच पौल करिंथकरांना लिहिताना फटके, जहाज फुटणे, उपासमार असे सगळे मोजून शेवटी सांगतो की सर्व मंडळ्यांच्या काळजीचे ओझे रोज त्याच्यावर असते.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत याचे सर्वांत जिवंत चित्र लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये काढले आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक मोठे कवी आणि मोठे भक्त. पण हातात आलेला पैसा संध्याकाळपर्यंत घरात टिकेल याची खात्री नसायची. घरात पाहुणे, अनाथ मुले, आश्रयाला आलेले तरुण. नगरला बालकवी ठोमरेही याच घरात राहून गेले. चूल कशी पेटायची ही काळजी लक्ष्मीबाईंची. त्यांच्या विश्वासाची वाढ याच धबडग्यात झाली, आणि ती कशी झाली हे त्यांनी काहीही न लपवता लिहून ठेवले. १९१९ साली टिळक गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. शाळेची पायरीही न चढलेल्या या बाईने ते पुरे केले, आणि त्या ग्रंथाचा फार मोठा भाग त्यांच्याच हातचा आहे. केडगावात पंडिता रमाबाईंचे वेगळे नव्हते. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली आणि बायका, त्यांचे धान्य, त्यांची आजारपणे, विहिरी, छापखाना हे सगळे सांभाळत त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ साली त्यांचे निधन झाले, तोवर ते काम हातावेगळे झालेले होते. संडेस्कूलच्या मुलांना आपण परदेशी मिशनऱ्यांची चरित्रे सांगतो. ती जरूर सांगावीत, पण या दोघींची नावे त्याआधी यावीत.

तरीही पेरणाऱ्याच्या दृष्टान्ताकडे डोळेझाक करता येणार नाही. काटेरी झुडपांत पडलेले बी तिथे गुदमरते आणि त्या काट्यांत संसाराच्या काळजीबरोबरच धनाचा मोह आणि इतर गोष्टींची हाव यांचीही नावे आहेत. पोटाची काळजी देवापुढे मांडता येते. हातातल्या पडद्यावर अंगठा फिरवत घालवलेला तास मात्र मांडण्यासारखे काहीच मागे ठेवत नाही. हे तरुणांचेच दुखणे आहे, असेही नाही. सकाळी उठून अंथरुणातच वचनाचे चित्र पंधरा ग्रुपवर पुढे पाठवणारे आणि ते वचन ज्या अध्यायातले, तो अध्याय न उघडणारे आपल्यांत पुष्कळ आहेत. पाळकही त्यांत आहेत. मोबाइलवरचे बायबल प्रवासात उपयोगी पडते. पण घरच्या प्रार्थनेला आणि वेदीवर छापील पुस्तक असावे, एवढा नियम आपण स्वतःला घालून घ्यायला हरकत नाही, कारण छापील पुस्तकात मध्येच कोणाचा निरोप येत नाही.

मन भरकटण्याची तक्रार मोबाइलहून पुष्कळ जुनी आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इवाग्रियसने भरदुपारी संन्याशाला छळणाऱ्या कंटाळ्याचे वर्णन केले आहे : तो सारखा सूर्याकडे पाहतो, जेवणाची वेळ झाली का म्हणून, आणि कोणी भाऊबंद भेटायला येतो आहे का म्हणून इकडेतिकडे बघत राहतो. डीट्रिख बॉनहोफरने १९३५ साली जर्मनीत फिंकेनवाल्डे येथे पाळकांचे विद्यालय चालवायला घेतले, तेव्हा दररोज सकाळी अर्धा तास एका छोट्या उताऱ्यावर मूकपणे मनन करण्याचा नियम त्याने घातला. विद्यार्थ्यांना तो जाचायचा. आपले काय चुकते हेच त्यांना कळत नसे. मन एखाद्या माणसाकडे किंवा घटनेकडे सारखे धावत असेल तर त्याच्याशी झगडत बसू नका, त्या माणसाला आणि त्या घटनेलाच प्रार्थनेत घ्या, अशी बॉनहोफरची शिकवण होती. १९३७ साली गेस्टापोने ते विद्यालय बंद पाडले, आणि त्याचे विद्यार्थी अटकेच्या आणि पुढे युद्धाच्या छायेत गेले. त्या काळात टिकणारी ही सवय आपल्या पुण्या-नाशकाच्या पॅरिशांतही टिकेल. आमच्या मते पाळकांना आज याहून उपयोगी सल्ला नाही. मननाला बसले की पास्टरेट कमिटीतले भांडण आठवते, मिळकतीच्या कागदांचा खटला आठवतो, थकलेला पगार आठवतो. त्यांना घालवून देण्याच्या खटपटीत अर्धा तास संपतो आणि मग आपण उपदेशाच्या तयारीलाच मनन म्हणू लागतो. त्यापेक्षा कमिटीतल्या त्या माणसाचे नाव घेऊनच प्रार्थना करावी.

पाळकांची धावपळ मात्र प्रार्थनेनेच आटोक्यात येणार नाही, तिला व्यवस्था लागते. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमेच्या मंडळीत विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरकुर झाली. प्रेषितांनी त्या कुरकुरीला विश्वासाचा अभाव म्हटले नाही, आणि वाढपाला स्वतःही उभे राहिले नाहीत. सात माणसे नेमली आणि प्रार्थना व वचन यांसाठी स्वतः मोकळे झाले. आपल्या मंडळ्यांत बँकेतून निवृत्त झालेले लोक आहेत, तहसील कचेरीत आयुष्य घालवलेले आहेत, शिक्षक आहेत, वकील आहेत. उपासनेनंतर अर्धा तास त्यांतले दोघे टेबल मांडून बसले, कर्जाचे कागद, दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज पाहू लागले, तर पाळकाच्या दारातली गर्दी ओसरेल. याकोबाने ज्या कोरड्या आशीर्वादाची निर्भर्त्सना केली, ‘सुखाने जा’ म्हणून उघड्याला आणि उपाशाला वाटेला लावण्याची, तिच्यातून आपलीही सुटका होईल.

उपासनेतही थोडेच बदलावे लागेल. मध्यस्थीच्या प्रार्थनेत आपण देशासाठी, राज्यकर्त्यांसाठी, बिशपांसाठी, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो. ती सुरू करण्याआधी दोन मिनिटे सर्वांनी गप्प बसावे आणि आज मनात जे घेऊन आलो ते देवाला मनातल्या मनात सांगावे. दोन मिनिटे पहिल्या रविवारी फार लांब वाटतील, मुले चुळबुळ करतील, कोणीतरी खोकेल. चालू द्यावे. कारखान्यांच्या पट्ट्यातल्या मंडळ्यांनी गुरुवारी संध्याकाळी एक पूर्ण उपासना ठेवावी, प्रभुभोजनासह, आणि तिला रविवारच्या उपासनेइतकाच मान द्यावा. परिचारिकांसाठी हॉस्पिटलजवळच्या एखाद्या घरात पाळी बदलण्याच्या वेळेला पंधरा मिनिटांची प्रार्थना बसवता येते. एक स्तोत्र, एक छोटा उतारा, प्रभूची प्रार्थना, बस्स. संडेस्कूलच्या मुलांना परीक्षेची भीती वाटते. ती देवाला कशी सांगायची हे त्यांना आठव्या वर्षी शिकवले, तर अठराव्या वर्षी नोकरीची भीती सांगायला ती आपणहून येतील.

यंदाच्या लेंतसाठी आमची विनंती अशी आहे. छापलेल्या पत्रिकेतला एक कार्यक्रम कमी करा आणि त्या वेळात ज्यांना रविवार मोकळा नसतो अशांच्या घरी जा. उपदेश करू नका, त्यांची पाळी कधी असते आणि झोप कधी होते एवढे विचारा, आणि त्यांच्याच शब्दांत त्यांच्यासोबत प्रार्थना करा. काय जमले आणि काय जमले नाही ते पुनरुत्थान दिनानंतर आम्हाला एका पानात लिहून पाठवा, मात्र मंडळीतल्या कोणाचेही नाव पत्रात घालू नका. ही पत्रे आम्ही जूनच्या अंकात छापू.