संहितेचे मौन आणि शून्य बाइट

संहिता काय सांगते आणि संहिता कशाबद्दल गप्प आहे, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत, असे आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगतो. मौनाचा अर्थ लावणारा त्यात स्वतःच्या पदरचे काहीतरी घालत असतो, आणि ते त्याने निदान कबूल करावे एवढी आपली अपेक्षा असते. संगणकशास्त्रातल्या एका गाजलेल्या वादात ही साधी शिस्त कशी धाब्यावर बसवली गेली, हे साहित्याच्या वाचकांनी पाहण्याजोगे आहे. वाद जुना, २००९ सालचा. त्यातली वृत्ती मात्र अजून जिवंत आहे, म्हणून हा प्रपंच.

डिसेंबर २००८ मध्ये लिनक्सच्या २.६.२८ या आवृत्तीत 'एक्स्ट४' ही फाइलसिस्टिम वापरण्यास सिद्ध म्हणून दाखल झाली. फाइलसिस्टिम म्हणजे डिस्कवर कोणती फाइल कुठे आहे याचा हिशेब ठेवणारी व्यवस्था. पुढच्या काही आठवड्यांत उबुंटू ९.०४ची चाचणी घेणाऱ्यांना एक विलक्षण अनुभव येऊ लागला. यंत्र मध्येच गोठावे, बंद करून पुन्हा सुरू करावे, आणि पाहावे तो फाइल आपल्या नावानिशी जागच्या जागी, पण तिची लांबी शून्य बाइट. पुस्तकाचे कव्हर शाबूत, आत एक पान नाही!

कारण गूढ नव्हते. एखादा प्रोग्राम जुन्या फाइलच्या जागी नवी ठेवतो तेव्हा तो नवा मजकूर तात्पुरत्या नावाने लिहितो आणि मग त्या फाइलला जुनीचे नाव देतो. एक्स्ट३मध्ये, तिच्या नेहमीच्या मांडणीत, दर पाच सेकंदांनी नोंदवही पक्की होई आणि त्याआधी मजकूर डिस्कवर उतरलेला असे. एक्स्ट४ने मजकुराला जागा देण्याचे काम लांबणीवर टाकले. त्याने वेग वाढतो आणि फाइल सलग जागी बसते. हा लाभ खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण आता नामांतर आधी पक्के होई आणि मजकूर अर्ध्या मिनिटाने, कधी त्याहूनही उशिरा उतरे. या फटीत यंत्र कोसळले की जुने गेलेले आणि नवे आलेलेच नाही.

एक्स्ट४चे प्रमुख शिल्पकार थिओडोर त्सो यांची बाजू थोडक्यात अशी : पॉझिक्स या प्रमाणसंहितेनुसार मजकूर डिस्कवर उतरल्याची हमी हवी असेल तर प्रोग्रामने 'एफसिंक' ही आज्ञा द्यावी, ती न देणारे प्रोग्राम सदोष आहेत. मुद्दा खोटा नाही. पण पॉझिक्समध्ये नामांतर अखंड असावे असे जे म्हटले आहे ते चालत्या यंत्रापुरते. यंत्र कोसळल्यावर काय उरावे याबद्दल ती संहिता जवळजवळ काहीच बोलत नाही. या मौनाचा अर्थ 'काहीही उरले तरी चालेल' असा लावणे हा एक अन्वयार्थ झाला, आणि तो संहितेचा शब्द म्हणून पुढे केला गेला. प्रत्यक्ष व्यवहारात तर वर्षानुवर्षे त्या मौनाचा दुसराच अर्थ रूढ झाला होता : एक तर जुने मिळेल, नाहीतर नवे. रूढीने घडवलेल्या या अर्थाला कराराचे बळ नसते काय? भाषेच्या अभ्यासकाला तरी हा प्रश्न पडायला हरकत नसावी.

त्यातही गंमत अशी, की आदल्याच वर्षी, २००८ मध्ये, फायरफॉक्सच्या तिसऱ्या आवृत्तीवर नेमकी उलटी टीका झाली होती. ती एफसिंक वारंवार वापरते, म्हणून यंत्र काही क्षण ठप्प होते, ही लोकांची तक्रार. एक्स्ट३वर एका फाइलसाठी दिलेली आज्ञा इतरांचाही साचलेला मजकूर डिस्कवर ढकलायला लावी, हे त्याचे कारण. म्हणजे आज्ञा दिली तर यंत्र अडवल्याचा ठपका, न दिली तर अज्ञानाचा. (दोन्ही वेळी बोलणारे लोक तेच होते असे माझे म्हणणे नाही, बोल खाणारे मात्र तेच होते.)

वापरणाऱ्यांच्या बाजूनेही पुष्कळ भाबडेपणा झाला. आपण काहीच समजून घेणार नाही आणि यंत्राने सर्व काही सांभाळावे, हा हट्ट समर्थनीय नाही. पण दोन्ही बाजूंना एकाच तराजूत घालणे मला मान्य नाही. धोका ठाऊक असलेला आणि तो कमी करण्याची साधने हाती असलेला माणूस, आणि ज्याला धोक्याचे नावही ठाऊक नाही असा माणूस, यांची जबाबदारी समान कशी? लिनस टोरवाल्ड्स यांनीही मजकुराआधी हिशेब पक्का करण्याच्या या क्रमावर कडक टीका केली होती. आणि त्सो यांनी, प्रोग्रामच चुकतात हे म्हणणे न सोडता, स्वतःच दुरुस्ती लिहिली. जून २००९च्या २.६.३० आवृत्तीपासून अशा नामांतराच्या वेळी मजकुराला लगेच जागा मिळू लागली. त्यांच्या या कृतीला मी त्यांच्या युक्तिवादापेक्षा अधिक मान देतो.

आपल्याकडे ग्रंथनाशाची स्मृती मोठी आहे. 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी धाडीत नाहीशी झाली आणि शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा सिद्ध केली, असे महानुभाव परंपरा सांगते. आज आपण त्या पाठांची तुलना करत बसतो. म्हाइंभटांनी दुसरी प्रत का ठेवली नाही, असे खडसावणारा अभ्यासक अजून तरी माझ्या पाहण्यात नाही. प्रबंधाचे प्रकरण गमावलेल्या विद्यार्थ्याला मात्र पहिला प्रश्न हाच विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या स्वरात एक बारीकसे समाधान असते.

ज्ञानाचा हा तोरा निदान अचूक असता! २०१४ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी ११ प्रणाली तपासल्या. त्यांत गिट आणि एसक्यूलाइटसारख्या जाणत्यांनी घडवलेल्याही होत्या. यंत्र कोसळल्यास मजकूर बिघडू शकेल अशी ६० ठिकाणे सापडली. नियम शिकले की प्रश्न मिटतो म्हणणाऱ्यांनी या यादीकडे एकदा पाहावे.

आणि मग २०१८ साल. पोस्टग्रेस हा डेटाबेस घडवणारे लोक एफसिंकच्या बाबतीत अत्यंत सोवळे. त्यांच्या ध्यानात आले, की लिनक्सवर मजकूर उतरवताना डिस्कने दगा दिला तर एफसिंक एकदा चूक कळवते. पण न उतरलेली पाने उतरल्यासारखी गणली जातात, आणि तीच आज्ञा पुन्हा दिली की सर्व ठीक असल्याचे उत्तर येते. संहितेचे पालन न केल्याबद्दल ज्यांना बोल लावले गेले त्यांना हीच आज्ञा दाखवली गेली होती. २०१९च्या फेब्रुवारीतील आवृत्त्यांपासून पोस्टग्रेसने एफसिंकला दुसऱ्यांदा विचारणे सोडले. चूक आली की तो आपणहून कोसळतो, आणि उठल्यावर स्वतःच्या नोंदवहीतून सगळे पुन्हा लिहून काढतो.